दारावरचा सूर्य

सकाळी उठून फिरवायची चकती आदल्या रात्रीच फिरवून झोपावं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कुणाचं वाईट करायचा माझा हेतू नव्हता. माझा हेतू फक्त झोपायचा होता.

पण आधी चकती म्हणजे काय ते सांगायला हवं. आम्ही नवराबायको राहतो ती निवृत्त लोकांची वसाहत आहे. एक उंच इमारत, समोर हिरवळ, हिरवळीच्या कडेने बाकं आणि बाकांवर आम्ही. बाहेरच्या लोकांना वाटतं, इथे किती शांत असेल. त्यांनी एकदा येऊन बघावं. सकाळी व्यायाम, मग वाचन, मग कॅरम, दुपारी चित्रकला, संध्याकाळी गाणं, आणि मधेच कुणीतरी येऊन विचारतं, "आज दिसला नाहीत?" नोकरीत असताना मी महिनाभरात जेवढं काम केलं नाही, तेवढी करमणूक इथे एका दिवसात करून घ्यावी लागते. (मी पाणीपुरवठा खात्यात कारकून होतो. आमच्याकडे पाणी आणि फाइल दोन्ही सावकाश यायची.)

तर इथे प्रत्येक दारावर एका खिळ्याला लाकडी चकती टांगलेली असते. तिच्या एका बाजूला चंद्र रंगवलाय, दुसऱ्या बाजूला सूर्य. दिवेलागणीला चंद्र बाहेर करायचा, सकाळी उठलं की सूर्य. म्हणजे बाहेरच्याला कळतं की आतला माणूस उठलाय, धडधाकट आहे, काळजीचं कारण नाही. सकाळी आमच्या मजल्यावर सिस्टर फेरी मारतात. त्या मोठ्या हॉस्पिटलात हेड नर्स होत्या. निवृत्त झाल्या म्हणजे त्यांनी फक्त युनिफॉर्म बदलला. एखाद्या दारावर चंद्र दिसला की त्या बेल वाजवतात, आणि आतून उत्तर आलं नाही की मास्टर किल्लीने दार उघडून थेट आत येतात, मागे अर्धा मजला घेऊन.

हे मला ऐकून माहीत नाही, अनुभवाने माहीत आहे. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा बायको सकाळी फिरायला गेली आणि चकती विसरली. मला जाग आली तर पलंगाभोवती माणसांचं कडं, सिस्टरच्या हातात माझं मनगट, आणि शेजारचे तारमास्तर रुमालाने डोळे पुसतायत. मी विचारलं, "काय झालं?" तर "आहेत, आहेत" असं म्हणत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नुसता जिवंत असल्याबद्दल माझं एवढं कौतुक माझ्या जन्माच्या वेळीही झालं नसेल.

त्या दिवसापासून बायकोने चकतीचं काम माझ्यावर सोपवलं. "घरातलं एक काम तरी तुमच्याकडे असू दे," ती म्हणाली. झालं. रोज कोंबड्याच्या आधी उठायचं, डोळे न उघडता दारापर्यंत जायचं, चकती फिरवायची आणि परत येईपर्यंत झोप उडालेली. असं किती दिवस काढणार? म्हणून मी डोकं चालवलं. (ते मी फार वेळा चालवत नाही, पण चालवलं की थांबत नाही.) रात्री दाराला कुलूप लावतानाच चकतीवर सूर्य करून ठेवायला लागलो.

एवढं सोपं, सुटसुटीत, आणि कुणालाही कळलं नाही. बायको सकाळी फिरायला निघताना सूर्य बघायची आणि खाली बायकांना अभिमानाने सांगायची, "हल्ली हे पहाटे उठतात, चकती फिरवतात, मग पुन्हा झोपतात. हळूहळू सुधारतायत."

माझं चुकलं ते एवढंच की ही युक्ती मी तारमास्तरांना सांगितली. तारमास्तर म्हणजे तार खात्यात आयुष्य घालवलेले आमचे शेजारी. ऐकू कमी येतं, पण गुपित सांगितलं की बरोबर ऐकू येतं. त्यांनी ती पलीकडच्या घरात सांगितली, त्यांनी त्यांच्या पलीकडे. थोड्याच दिवसांत आमच्या मजल्यावर जेवणं झाली की ओळीने सूर्य उगवायला लागले. सिस्टर इतक्या खूश झाल्या की संध्याकाळच्या सभेत म्हणाल्या, "बाकीच्या मजल्यांनी आमच्याकडून शिकावं. आमच्याकडे कुणी लोळत पडत नाही." मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

आता मुद्द्याचं सांगतो. गाण्याच्या ग्रुपमधल्या बायकांनी बोटीच्या सहलीचं ठरवलं. आठवडाभर बोटीवरच राहायचं, दोनचार बेटं बघायची, एक जुनं दीपगृह बघायचं आणि परत यायचं. हिला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, जीव टाकून जायचं होतं. हिचे वडील बंदरावर नोकरीला होते. लहानपणी ही त्यांच्याबरोबर धक्क्यावर जायची आणि सुटणाऱ्या बोटींना हात करायची. "सगळं लहानपण मी हात करण्यात घालवलं," ती एकदा मला म्हणाली होती. "एकदा आपण बोटीवर असावं आणि काठावरून कुणीतरी आपल्याला हात करावा, एवढंच." एवढंच म्हणाली, पण ते मला लागून राहिलं. लग्नानंतर मी तिला पाण्याच्या इतक्या टाक्या दाखवल्या, पण बोटीवर काही नेलं नाही. (मला बोट लागते. मला झोपाळाही लागतो.)

पण मैत्रिणी विचारायला लागल्या तर ही म्हणायची, "यांना एकट्याला ठेवून कशी येऊ? यांना गॅस पेटवता येतो, पण बंद करायचा लक्षात राहत नाही."

"अगं, मी काय लहान आहे?" मी म्हणालो.

"लहान असतात तर कडेवर घेऊन गेले असते."

शेवटी असं ठरलं की हिने एक रात्र बहिणीकडे राहायला जायचं. रंगीत तालीम. मी एकटा नीट राहिलो, घर जागच्या जागी राहिलं आणि कुणाला धावपळ करावी लागली नाही, तर ही बोटीवर जाणार. काही घोळ झाला तर नाही जाणार. परत आल्या दिवशीच मैत्रिणींना हो की नाही ते सांगायचं होतं.

निघताना हिने सूचना दिल्या. गॅस. नळ. औषध. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी, आणि कबुतराला कुंडीवर बसू द्यायचं नाही. "आणि बाल्कनीचं दार," ती म्हणाली. "ते आपटलं की आतली कडी आपोआप पडते. बाहेर जाताना दारात काहीतरी अडकवून जा. सुताराला बोलवा म्हणून मी सांगून सांगून थकले."

"तुझ्या डोक्याला काही ताप नको. तू फक्त जा."

"सिस्टरला सांगितलंय लक्ष ठेवायला," ती म्हणाली. तेव्हा मी जरा सावध झालो, कारण सिस्टर आणि ही म्हणजे अगदी एका ताटात जेवणाऱ्या. माझी शिंकसुद्धा सिस्टर हिला कळवतात.

दिवस छान गेला. मी गॅस पेटवला आणि बंदही केला. रात्री कुलूप लावलं, नेहमीप्रमाणे चकतीवर सूर्य करून ठेवला, आणि बिनघोर झोपलो. उद्या मस्त उशिरापर्यंत लोळायचं, ही यायच्या आत घर आवरायचं, आणि दारात हसत उभं राहायचं.

सकाळी त्या कबुतराने घात केला. बाल्कनीतून फडफड ऐकू आली, म्हणून डोळे किलकिले करून बघतो तर महाराज हिच्या गुलाबाच्या कुंडीत बसून माती उकरतायत. हिचा जीव त्या गुलाबात. मी तसाच उठलो, खुर्चीवरचा लाल टॉवेल उचलला आणि बाल्कनीत धावलो. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी उसवलेला बनियन. टॉवेल डोक्यावर गरागरा फिरवला. कबुतर उडालं. त्या आनंदात मी आणखी दोनदा फिरवला. तेवढ्यात वारा आला, मागे दार धाडकन आपटलं, आणि आत कडी पडल्याचा तो बारीकसा आवाज झाला. खट्.

मी दार ओढलं, ढकललं, समजावलं. काही उपयोग झाला नाही. फोन आत, चपला आत, किल्ली आत. मी सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, बनियनमध्ये.

पहिला विचार आला की घाबरायचं कारण नाही, थोड्या वेळात सिस्टर फेरीला येतील. चकतीवर चंद्र दिसला की बेल वाजवतील, उत्तर आलं नाही की किल्ली घेऊन आत येतील, पलंगावर मला शोधतील आणि बाल्कनीत सापडेन. केवढी छान व्यवस्था आहे. आणि मग आठवलं की आमच्या चकतीवर रात्रीपासून सूर्य तळपतोय. मी उठलेला आहे, धडधाकट आहे, काळजीचं कारण नाही. मी मटकन कुंडीच्या काठावर बसलो.

खाली हिरवळीवर व्यायामाचा ग्रुप जमायला लागला होता. ओरडावं तर लाउडस्पीकरवर व्यायामाची गाणी जोरात सुरू. आणि खरं सांगू? ओरडायची हिंमतही होत नव्हती. एकाने ऐकलं की सगळ्या वसाहतीला कळणार, सिस्टरला कळणार, सिस्टर फोन उचलणार, आणि हिची बोट सुटायच्या आधीच बुडणार. "बघितलंत?" ही म्हणेल. "एक रात्र नाही निभावली." तिची चूकही नाही.

म्हणून मी पुन्हा डोकं चालवलं. ज्याला सांगितलं तरी तो कुणाला सांगू शकणार नाही, असा माणूस हवा. आणि तसा माणूस समोरच उभा होता. आमचे ड्रिलमास्तर. शाळेत जन्मभर कवायत घेतली, त्यात घसा गेला. डॉक्टरांनी महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणून बजावलेलं. सध्या ते शिट्टी आणि हातवाऱ्यांवर व्यायाम घेत, आणि ग्रुपला एकच नियम घालून दिलेला होता, दिसेल तसं करा. यापेक्षा भरवशाचा माणूस मला कुठे मिळणार होता?

मी त्यांचं लक्ष वेधायला टॉवेल हलवला. त्यांनी वर बघितलं. मी आणखी जोरात हलवला. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी शिट्टी मारली, ग्रुपकडे बघून माझ्याकडे बोट केलं, आणि ती तीसचाळीस माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मग सगळ्यांनी गळ्यातले घाम पुसायचे टॉवेल काढले आणि डोक्यावर गरागरा फिरवायला सुरुवात केली.

"तसं नाही," मी ओरडलो. लाउडस्पीकर वाजतच होता.

मी टॉवेल खाली टाकला. त्यांनीही टाकले. मी अंगठ्याने मागच्या दाराकडे खूण केली, कमरेत वळून, म्हणजे त्यांना नीट दिसावं. खाली सगळे कमरेत वळले. मी दुसऱ्या बाजूने वळून दाखवलं. तेही वळले. मग मी हवेत किल्ली फिरवून दाखवली. चाळीस मनगटं हवेत फिरली. माझ्या एका मनगटाकडे बघून ग्रुपमधल्या एका आजीबाईंनी दोन्ही मनगटांनी करून दाखवलं, म्हणजे मला सुधारलं.

मी दोन्ही हातांनी "वर या, वर या" करून बोलावलं. त्यांनीही मला दोन्ही हातांनी वर बोलावलं. मी अजून वर कुठे जाणार होतो? मी मान जोरजोरात हलवून नाही म्हणालो. त्यांनी मानेचा व्यायाम केला. माझा धीर सुटला. डोक्याला हात लावून मी खाली बसलो. सगळे डोक्याला हात लावून खाली बसले. त्यातल्या काही जणांना मग उठता येईना, तेव्हा मी घाबरून उठलो आणि हातांनी "उठा, उठा" करायला लागलो. ते बाकीच्यांनी इतकं मनापासून केलं की बसलेले आपोआप वर ओढले गेले.

शेवटी मी हात जोडले. म्हटलं बाबांनो, आता पुरे. त्यांनी हात जोडले, गाणं संपलं, आणि सगळ्या ग्रुपने टाळ्यांचा कडकडाट केला. ड्रिलमास्तरांनी मला कडक सॅल्यूट ठोकला. मीही ठोकला, दुसरं काय करणार.

मग सगळे चहाला गेले. हिरवळीवर सिस्टर आल्या. त्या बहुधा फेरी आटोपून आल्या होत्या, कारण वर बघून म्हणाल्या, "भाऊजी, दारावर सूर्य बघितला, आणि खाली येते तर तुम्ही इथे व्यायाम घेताय. काय माणूस बदललाय." वॉर्डात या टोकापासून त्या टोकाला हाक मारायची सवय, त्यामुळे सहाव्या मजल्यावर शब्दन् शब्द ऐकू आला. आता सांगून टाकावं, असं तोंडाशी आलं. पण मग धक्क्यावर उभी राहून हात करणारी ती लहान मुलगी डोळ्यांसमोर आली. मी तोंड मिटलं, हसलो आणि हात हलवला. सिस्टरनी हात हलवला आणि त्या गेल्या.

एक वाट उरली होती, तारमास्तर. त्यांची बाल्कनी आमच्या बाल्कनीला चिकटून, पण मधे माणसापेक्षा उंच भिंत. लोखंडी कठडा मात्र दोघांना मिळून एकच. तारमास्तर सकाळी कठड्याला धरून उभे राहतात हे मला माहीत होतं. कानात यंत्र ते चहानंतर घालतात, म्हणजे हाक मारून उपयोग नाही. पण तार खात्यातला माणूस आहे, कठड्यावर टकटक केली तर हाताला कळेल. मी टॉवेल अडकवायच्या कडीने (ती भिंतीतून कधीच निघून आली होती) कठड्यावर टकटक केली. थोडी जलद, थोडी सावकाश, जशी मनाला सुचेल तशी.

पलीकडे हालचाल झाली. मग तारमास्तरांचा आवाज आला, "अरे वा." आणि त्यांनी टकटक सुरू केली. काय सफाई होती. लांब, आखूड, मधे नेमका श्वास घेतल्यासारखा थांबा. बराच वेळ ते मनापासून काहीतरी सांगत होते. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. त्यांचं झाल्यावर मी पुन्हा जिवाच्या आकांताने बडवलं. ते मोठ्याने म्हणाले, "तुमच्या मताशी मी सहमत नाही, पण लिहिलंय छान." मग त्यांचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

ऊन चढलं. हिरवळीवर माळीदादांनी गवत कापायचं यंत्र सुरू केलं. आत माझा फोन वाजत होता, वाजून थांबत होता, पुन्हा वाजत होता. ही असणार. मी काचेला नाक लावून फोनकडे बघत होतो. कबुतर परत येऊन गुलाबाच्या कुंडीत बसलं. मी त्याला हाकललं नाही. सोबत होती.

आणि मग फाटकाशी टॅक्सी थांबली. ही उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने कपाळावर सावली धरून ती वर बघत होती. मी ताडकन उभा राहिलो. आता काय करावं? घाईघाईत मी टॉवेल उचलला आणि दोन्ही हात वर करून सावकाश डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो. ही बघत राहिली. मग आत शिरली.

लिफ्टला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. दार उघडल्याचा आवाज आला, पावलं आली, कडी निघाली. हिने माझ्याकडे खालून वरपर्यंत बघितलं. पायजमा, बनियन, टॉवेल, लाल झालेलं नाक.

"काय करताय?"

"व्यायाम."

"आणि कडी आतून कशी?"

"लक्ष विचलित होऊ नये म्हणून," मी म्हणालो. याहून मूर्खपणाचं उत्तर मला सुचलं नसतं असं नाही, पण वेळ नव्हता.

ही पुढे काही विचारणार तेवढ्यात बेल वाजली. दारात सिस्टर, ड्रिलमास्तर आणि मागे अर्धा व्यायामाचा ग्रुप, चहा घेऊन ताजातवाना झालेला. "वहिनी, काय व्यायाम घेतला यांनी," एक जण म्हणाले. "माझं मनगट वर्षभर आखडलं होतं, आज सुटलं." ज्या आजोबांना उठता आलं नव्हतं तेही आले होते. "इतका खाली मी किती दिवसांत बसलो नव्हतो," ते कौतुकाने म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "अगं, फेरीला गेले तर चकतीवर सूर्य. मला वाटतं हे पहाटेच उठले असणार. तू उगाच काळजी करतेस. तू बिनधास्त जा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हीसुद्धा. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला चाळीस वर्षांत तिने कधी काही मागितलं नाही ते आठवलं. तोंडातून एक शब्द जरी खरा निघाला असता तरी ती "असू दे, पुढच्या वर्षी बघू" म्हणाली असती आणि चहा टाकायला गेली असती. तिचं ते "असू दे" मला ऐकायचं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "व्यायामच घेत होतो. मला त्याची आवड आहे."

ड्रिलमास्तरांनी आनंदाने माझा हात धरला, स्वतःच्या घशाकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग बाल्कनीकडे, मग गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. "रोज सकाळी म्हणतायत ते," सिस्टरनी समजावून सांगितलं. "त्यांचा घसा बरा होईपर्यंत. उजाडताच. तुम्ही उठलेलेच असता."

म्हणजे ज्या झोपेसाठी मी हे सगळं केलं, तीच गेली. पण ही फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, मी येतेय. हो, नक्की. यांचं काय, हे आता सगळ्या वसाहतीला सांभाळतात." असं म्हणून ती हसली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी शिट्टी वाजवून बघितली.

बोट सुटली त्या दिवशी मी धक्क्यावर गेलो होतो. नुसतं बोटीकडे बघूनच मला बोट लागत होती, पण उभा राहिलो. ही वरच्या कठड्याशी मैत्रिणींच्या मधे उभी होती. मी तो लाल टॉवेल काढला आणि डोक्यावर गरागरा फिरवला. तिने दोन्ही हात वर केले. बोट ठिपक्याएवढी होईपर्यंत मी टॉवेल फिरवत होतो, आणि मला रडू आलं हे मी लपवत नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाने विचारलं, "काही मदत हवीय का?" एवढी साधी गोष्ट आमच्या ग्रुपमधल्या एकाला सुचली असती तर.

तेव्हापासून मी रोज उजाडताच उठतो. बाल्कनीच्या दारात माझी एक चप्पल अडकवून ठेवतो. (सुतार पुढच्या आठवड्यात येणार आहे.) चकतीची ती युक्ती मी सोडून दिली. एक तर ती मनाला टोचत होती, आणि एवीतेवी उठायचंच आहे तर खोटा सूर्य कशाला? टॉवेल, कंबर, मनगट, मान, खाली बसणे, हात जोडणे, असा माझा व्यायाम ठरलेला आहे. लोक इतर मजल्यांवरून बघायला येतात.

काल सकाळी बाल्कनीतून मी शिट्टी फुंकली तर खालून सिस्टर म्हणाल्या, "भाऊजी, अनवाणी व्यायाम घेऊ नका, सर्दी होईल. चपला घाला." सिस्टरचा शब्द मोडायची माझी छाती नाही. एक चप्पल पलंगाखालून घेतली, दुसरी दारातून काढून पायात घातली आणि कठड्याशी येऊन उभा राहिलो. मग वारा आला.

खट्.

आत फोन वाजायला लागला. ही असणार, बोटीवरून. मी खाली वाकून दोन्ही हात हलवले, दाराकडे बोट केलं, हवेत किल्ली फिरवली. खाली शंभर मनगटं फिरली. आता ग्रुप मोठा झाला होता. तारमास्तरांनी पलीकडून कठड्यावर टकटक केली. बहुधा त्या दिवशीच्या विषयावर त्यांचं अजून थोडं म्हणणं उरलं होतं. मी डोक्याला हात लावून खाली बसलो, आणि सगळी वसाहत माझ्याबरोबर बसली.

आणि दारावर सूर्य होता. या वेळी तो मी अगदी प्रामाणिकपणे, सकाळी उठून, स्वतःच्या हाताने फिरवला होता.